मोरपंखी ओळी

भिवंडी शहर, राहनाळ, मानकोली, पडघा आणि पंचक्रोशीतल्या तमाम पालकांस, शिक्षकांस, तसेच शाळेच्या ओळखपत्रावर आयुष्यात एकदा तरी चोरासारखे दिसलेल्या सर्व सज्जनांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या मुलाचा शाळेत फोटो निघण्याच्या पंधरा दिवस आधी ते मूल माझ्या घरी येऊन गेलेलं असतं. ते आलं, जिन्यावर चपला काढल्या, माझ्यासमोर उभं राहिलं, मी त्याचं नाव सरळ केलं, जन्मतारीख पुसून घेतली, आडनावामागे चिकटलेली मोकळी जागा झटकली आणि त्याला रांगेत लावून दिलं. त्याला यातलं काही माहीत नाही. आपल्यालाही नव्हतं. आता झालं. कोणाची हरकत असल्यास ती नोंदवण्याची मुदत संपलेली आहे.

मी काय काम करतो, असं लोक विचारतात. शाळांच्या फोटोंचं, असं म्हटलं की लगेच भाचीच्या लग्नाची तारीख सांगतात. मला त्यांचा हिरमोड करावा लागतो. कॅमेरा मी हातात धरत नाही. कॅमेरा सलीमभाईंचा. पंचवीस वर्षं ते शाळांतून मुलांचे फोटो काढत आहेत आणि मुलाला हसवायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. ते विचारतात, आज डब्यात भाजी कोणती? बटाटा म्हणणारं मूल आपोआप हसतं. कारलं म्हणणाऱ्याचा फोटो दोनदा काढावा लागतो. माझं काम त्याच्या आधीचं. शाळा एक यादी पाठवते, एक्सेलमध्ये. ती यादी फोटोच्या सॉफ्टवेअरला पचेल अशी करून द्यायची. एवढंच. पण हे 'एवढंच' म्हणजे, लग्नाचा स्वयंपाक म्हणजे एवढंच, म्हणण्यासारखं आहे.

नवख्यांसाठी सांगतो. यादीत एका मुलाला एक ओळ. ओळीत रजिस्टर नंबर, नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख, पत्ता, आईचा मोबाईल, वडिलांचा मोबाईल. ही यादी सॉफ्टवेअरवर चढवली की प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी छापून निघते, तिच्यावर काळ्या रेघांचा बारकोड. फोटोच्या दिवशी मूल चिठ्ठी छातीशी धरून येतं. मी त्या रेघांवर लाल उजेड पाडतो, टिक असा आवाज येतो आणि सलीमभाईंनी काढलेला पुढचा फोटो त्या मुलाच्या ओळीला जाऊन चिकटतो. पुढे ओळखपत्र, वर्गाचा अल्बम, प्रगतिपुस्तक, जिथे म्हणून तो चेहरा जाईल तिथे ती ओळ त्याचा हात धरून जाते. ओळ चुकली तर चेहरा परक्या घरी जातो. सलीमभाई म्हणतात, "भाई, तुमचा कागद पहिला, माझा कॅमेरा नंतर. कागद उलटा तर सगळी दुनिया उलटी."

आणि कागद उलटाच येतो. शाळेचं नाव सहा घरं एकत्र करून मोठ्या अक्षरांत घातलेलं असतं, शेजारी सरस्वतीचं चित्र. सॉफ्टवेअर सरस्वतीला पहिला विद्यार्थी समजतं. एकदा एका शाळेची यादी आली, तिच्यात एका वर्गातली जवळजवळ सगळी मुलं 'वरीलप्रमाणे' या गावी राहत होती. वर्गशिक्षकांनी पहिल्या मुलाचा पत्ता लिहिला होता आणि खाली सगळ्यांना 'वरीलप्रमाणे'. मोठ्या वहीची सवय, दुसरं काय. मी यादी आडनावाप्रमाणे लावली आणि वरचा तो वर राहिला नाही. कोणाच्या वर कोण, याला काही धरबंदच उरला नाही. पडघ्याचं मूल मानकोलीच्या घरी निजायला गेलं. ओळखपत्रं छापून आली तेव्हा एका आजोबांनी चष्मा पुसून नातवाचं कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला शांतपणे विचारलं की, हे वरीलप्रमाणे नेमकं कुठल्या फाट्यावर उतरल्यावर लागतं.

या धंद्यात येण्याआधी मी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांतून बीम भरायचो. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ. त्याचा एकेक धागा आकड्यानं ओढून ज्याच्या त्याच्या तारेच्या डोळ्यातून ओवायचा. हजारो धागे, हजारो डोळे. एक धागा शेजारच्या डोळ्यात गेला तर ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते आणि ती रेघ कोणाला झाकता येत नाही. ते काम सुटलं, हे धरलं, आणि लक्षात आलं की हे तेच आहे. फक्त धाग्यांना आता नावं आहेत.

आमच्या गल्लीत अजून लूम चालतात. दुपारी भिंतीपलीकडून त्यांची खटखट येते, एकसारखी, पाळण्याच्या लयीत. जेवण झालेलं असतं. पंखा फिरत असतो. समोर ओळी असतात. नाव, वडील, आडनाव, खट. नाव, वडील, आडनाव, खट. अशा वेळी मी जागा असतो की नाही हे माझ्या बायकोलाही सांगता आलेलं नाही. बोट कीबोर्डच्या कळीवर असतं आणि डोळ्यांपुढून मुलं चालत जातात. चेहरे नसलेली, पण मला पूर्ण ओळखू येणारी. हा मागे राहणारा. ही पुढे पळणारी. हा बोटाला धरून आलेला. एक जूनला जन्मलेल्यांची तर वेगळीच मिरवणूक निघते. ज्यांची खरी तारीख कोणाला आठवत नाही त्यांना शाळेत घालताना एक जून देतात, त्यामुळे दर वर्गात पाचसहा एक जूनवाले असतात. मी त्यांचा वाढदिवस एकत्र साजरा करतो, मनात, पंख्याखाली. फोटोच्या दिवशी खरा चेहरा समोर येतो तेव्हा कधी कधी मला वाटतं, अरे, हा तर माझ्याकडे येत होता त्याहून बारीक झाला.

तर अशा एका श्रावणातल्या दुपारी माझ्याकडे तरेबाईंची यादी आली.

शहर संपून गोडाऊनं सुरू होतात तिथल्या एका शाळेत तरेबाई क्लार्क. शाळेत सगळे त्यांना बाईच म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा. बाई मुलांच्या ओळी रंगवायच्या. पिवळी ओळ म्हणजे आधारकार्ड बाकी. लाल म्हणजे दाखला नेला. हिरवी म्हणजे शाळेच्या गाडीनं येणारं मूल. राखाडी म्हणजे गावाला गेलंय, परत येईल की नाही ते देव जाणे. अकराशे मुलांची यादी उघडली की स्क्रीनवर रंगपंचमी. दिसायला सुंदर, पण सॉफ्टवेअर रंगांधळं असतं. त्याला द्यायची फाइल नुसत्या अक्षरांची असते, मध्ये मध्ये स्वल्पविराम, रंगाला तिच्यात जागाच नाही. म्हणून मी दर वर्षी बाईंना फोन करून एकेका रंगाचा अर्थ विचारायचो आणि तो शब्दांत, वेगळ्या रकान्यात लिहायचो. गेल्या वर्षी त्या यादीत मला पहिल्यांदाच मोरपंखी दिसला. चौदा ओळी, वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेल्या.

मी फोन केला तेव्हा बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाल्या होत्या. बाकीचे रंग त्यांनी पटापट सांगितले. मोरपंखीपाशी थांबल्या. म्हणाल्या, तो माझ्या कामाचा आहे, तुमच्या नाही, आजवर मी तो तुम्हाला यादी द्यायच्या आधी काढून टाकायचे, या वेळी वेळ झाला नाही. त्याला हात लावू नका. मी होय म्हटलं.

आणि हात लावला. आता यात वाईट हेतू शोधाल तर सापडणार नाही. गर्व मात्र भरपूर सापडेल. दुपार होती, लूम चालू होते, आणि मी माझ्या सफाईच्या धुंदीत होतो. एक्सेलमध्ये सगळी रंगरंगोटी एका झटक्यात पुसायची सोय आहे. ती मी वापरली. पडद्यावर एकदम चांदणं पडल्यासारखं पांढरं झालं. मला ते इतकं आवडलं की मी तसंच जतन करून टाकलं, बाईंच्याच पेनड्राइव्हवर, बाईंच्याच फाइलवर. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे मी लोकांना शिकवतो. माझी सून सांगते की मी हे झोपेतही बरळतो. त्या दिवशी मी बरळलो नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी शाळेच्या संगणकात जुनी यादी होती. पण मी पेनड्राइव्ह परत नेऊन दिला तेव्हा बाईंच्या जागी बसलेल्या रोशन म्हात्रेला, नवीन क्लार्कला, छोटंसं भाषण दिलं. स्वच्छ यादी म्हणजे काय, दोन याद्या ठेवल्या की घोळ कसा होतो, तेव्हा आता हीच खरी, जुनी काढून टाका. रोशन चांगला माणूस. त्यानं माझ्यादेखत जुनी काढली, आणि वर संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

फोटोच्या दोन दिवस आधी बाई हजर झाल्या. काळा गॉगल, डोळ्यांतून अधूनमधून पाणी. मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन ऑफिसात बसलो होतो. बाईंनी रोशनला यादी उघडायला सांगितली आणि गॉगल काढून स्क्रीनजवळ वाकल्या. यादी वरपासून खालपर्यंत सरकवायला लावली. मग हळूच म्हणाल्या, "रोशन, माझा डोळा गेला रे."

त्यांना अजून अक्षरं लागत नव्हती, चष्म्याचा नवीन नंबर यायला वेळ होता. चार हातांवरचा चेहरा म्हणजे नुसता ढग. पण रंग दिसायचे. डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा पहिला दिसला तो नर्सच्या बांगडीचा हिरवा, हे त्यांनी आल्या आल्या कौतुकानं सांगितलं होतं. आणि आता त्यांच्या यादीत कुठेच रंग नव्हता. ऑपरेशन फुकट गेलं असंच त्यांना वाटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. मी नाटकात कामं केलेला माणूस, पण ती दोन वाक्यं मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हटली.

डोळा शाबूत आहे हे कळल्यावर बाई आधी हसल्या. मग मोरपंखी आठवला आणि हसू गेलं. रोशनला त्यांनी चहा सांगायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणांत मस्टर, रजिस्टरं. सगळ्यात खालच्या खणात इस्त्री केलेले सदरे आणि फ्रॉक, लहानमोठे, नीट घडी घालून. एका डब्यात तांबड्या रिबिनी, बटणं, सुईदोरा. खोबरेल तेलाची बाटली. दोन फण्या, एक बारीक दातांची, एक मोठ्या.

मोरपंखी म्हणजे ज्या मुलांचे सकाळी केस विंचरायला घरात कोणी नसतं ती. आई सातच्या शिफ्टला मानकोलीच्या गोडाऊनमध्ये खोकी बांधायला गेलेली, बाप रात्रपाळीचा लूम सोडून नुकता आडवा झालेला. कधी आई गावी, कधी आईच नाही. जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरताना बायका दोन शब्द जास्त बोलतात, ते बाई ऐकायच्या आणि ओळ रंगवायच्या. फोटोच्या सकाळी त्या मुलांना 'नंबर तपासायला' म्हणून दोन दोन करून ऑफिसात बोलवायचं, तेल लावायचं, भांग पाडायचा, कॉलर फाटली असेल तर कपाटातला सदरा, आणि फोटो झाला की सदरा परत. वर्गात कोणाला पत्ता नाही. घरात भिंतीवर लागेल असा त्या मुलाचा बहुतेक तोच एक फोटो असतो, बाई म्हणाल्या. तो इस्कटलेला असू नये, एवढंच.

मी म्हटलं, वर्गशिक्षकांना विचारू. बाईंनी मान हलवली. पूर्वी कधी तरी त्यांनी अशी नावं एका कागदावर लिहिली होती, आणि एका उत्साही शिक्षकांनी तो कागद प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवला. ज्यांच्या घरी हे नाही, ते नाही, त्यांनी बाजूला उभं राहा. त्यांतली एक मुलगी पुढच्या आठवड्यापासून शाळेत आलीच नाही. "लिहिलं की कोणीतरी मोठ्यानं वाचतं," बाई म्हणाल्या. "रंग कोण वाचणार?"

हे ऐकताना मला माझे नीटनेटके रकाने आठवले. दर वर्षी मी प्रत्येक रंगाचा शब्द करत होतो आणि शाबासकी घेत होतो.

चौदांपैकी सहा बाईंना तोंडपाठ होती, दर वर्षीची. उरलेली आठ त्या वर्षीची नवी. नावं आठवत नव्हती, आणि वर्गावर्गांतून हिंडून चेहरे पाहायचे म्हटलं तर चेहऱ्यांचे ढग. जवळ आलं की ओळखेन, म्हणाल्या, पण अकराशे मुलं जवळ कशी आणायची? परवा फोटो. ती आठ मुलं इस्कटलेल्या केसांनी कॅमेऱ्यापुढे उभी राहणार, आणि ते माझ्यामुळे.

मी म्हणालो, बाई, मला उद्याची दुपार द्या.

त्या दुपारी मी पहिल्यांदा ओळींकडे सफाईवाल्याच्या नजरेनं पाहिलं नाही. आधी बाईंची ती सहा मुलं शोधली आणि त्यांच्या ओळींशी बसून राहिलो, ओळखीच्या माणसाच्या ओट्यावर बसावं तसा. हळूहळू त्या बोलायला लागल्या. आईच्या मोबाईलचा रकाना रिकामा. वडिलांच्या मोबाईलच्या जागी किराणा दुकानाचा नंबर, तोच तीन मुलांना. पत्त्यात घर नंबर नाही, 'गोडाऊनच्या मागे' किंवा 'चाळीत विचारणे'. प्रवेश जूनअखेरीस, शेवटच्या दिवशी. भिंतीपलीकडे लूम चालू होते आणि मी एकेका ओळीच्या दाराशी जाऊन आत डोकावत होतो. कोण आहे घरात? कोणी नाही. चूल थंड. आरशाला लटकवलेली फणी. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. लोक आपला पत्ता देतात तो ओळखपत्रासाठी. पण संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आठ नावं होती. मी त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. कुठेही काही लिहिलं नाही.

फोटोच्या सकाळी बाई कपाटासमोर स्टुलावर बसल्या. दार लोटलेलं. मी बाहेर बाकावर, हातात याद्या, चेहऱ्यावर सरकारी भाव. दोन दोन मुलं 'नंबर तपासायला' येत होती, आत जात होती, आणि तेलाचा वास घेऊन, भांग घेऊन, काही तरी गुपित मिळाल्यासारखी बाहेर पडत होती. जवळ आलं की बाईंना चेहरा लागत होता आणि आतून त्यांचा 'हां, हां, हीच ती' असा समाधानी आवाज येत होता. माझ्या आठांतली सात बरोबर निघाली. मी बाकावर बसल्या बसल्या मनात वाकून तीन वेळा प्रेक्षकांना नमस्कार केला.

आठवी होती चौथी 'ब' मधली स्वरा पाटील. हिचं नाव मी सांगतो, बाकीच्यांचं नाही, आणि का ते पुढे कळेल. ती आत गेली आणि बाईंनी मलाच हाक मारली. मुलगी समोर उभी होती, काटेकोर भांग, दोन घट्ट वेण्या, रिबिनींची फुलं अगदी सारखी. बूट चकचकीत. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, अहो, हिच्याच आजोबांची ती गोडाऊनं. दारात चार गाड्या, घरात माणसं भरपूर. माझी खात्री होती, 'गोडाऊनच्या मागे' म्हणजे गोडाऊनच्या मागे. मालकही तिथेच राहतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आईच्या मोबाईलचा रकाना मात्र तिच्याही ओळीत रिकामा होता.

बाईंनी तिची वेणी हातात घेऊन कौतुकानं विचारलं, एवढी सुंदर कोणी घातली. "मीच," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, हुशार आहेस, मग तुझं इथे काही काम नाही, जा वर्गात. ती हलेना. बाईंच्या मांडीवरच्या फणीकडे बघत होती. "मना बी बोलावलं व्हतं पन," ती म्हणाली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि तिला दारापर्यंत पोचवलं. जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. मी ते पाहिलं आणि विसरलो. मला एकच काळजी होती, चौदावं मूल कोण?

ते संध्याकाळी घरी सापडलं. फोटो ओळींना नीट चिकटलेत ना, हे मी एकेक करून पाहत होतो. सगळी मुलं चिठ्ठी छातीशी धरतात. चौथी 'ब' मधल्याच एका मुलीनं ती थेट हनुवटीला लावून धरली होती, दोन्ही हातांनी, बारकोड गळ्याशी. मी फोटो मोठा केला. चिठ्ठीमागून कॉलरचा फाटका कोपरा दिसत होता. केसांवरून तिनं पाण्याचा हात फिरवला असावा. तो वाळून केस पुन्हा उभे राहिले होते. तिच्या ओळीत आईचा मोबाईल होता, वडिलांचा होता, घर नंबरही होता. माझ्या एकाही खुणेत ती बसत नव्हती. बाईंना ती कशी कळली होती, तर आई अर्ज भरताना काही तरी बोलली होती म्हणून. ओळीत ते येत नाही.

गैरहजर मुलांचे फोटो शनिवारी पुन्हा निघायचे होते. एखाद्याचा फोटो हलला असेल तर त्यालाही त्या दिवशी बोलावतात. मी ठरवलं की हिचा फोटो हललेला आहे. पण एकटीचंच नाव गेलं तर वर्ग विचारेल, म्हणून तिच्याबरोबर आणखी तीन निष्पाप, उत्तम फोटो हलवायचे. अडचण एकच होती. हलला म्हणजे सलीमभाईंचा हात हलला. पंचवीस वर्षांत न हललेला.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते दाढी खाजवत राहिले. इतकी वर्षं त्याच शाळेत काम करून त्यांना कपाटाचा पत्ता नव्हता. ही पोरं नेहमी तेल चोपडून यायची म्हणून ते उलट वैतागायचे, चमक मारते म्हणून. शेवटी म्हणाले, "लिहा माझा हात हलला. चार कशाला, दहा लिहा."

चारच लिहिले. शनिवारी सकाळी रोशननं वर्गावर्गांत ती नावं वाचली. सलीमभाई व्हरांड्यात उभे राहून शहिदाच्या चेहऱ्यानं ऐकत होते.

त्यानंतर मी बाईंना दोन शब्द दिले. मूळ फाइलला हात लागणार नाही, आणि मोरपंखी रंग काढून यादी मला देण्याची गरज नाही. तो असू दे. मी विचारणार नाही. यंदाची यादी आता माझ्यासमोर आहे, पलीकडे लूम चालू आहेत, आणि मी ओळी मोजल्यात. गेल्या वर्षीच्या मोरपंखी मुलांपैकी कोणी शाळा सोडलेली नाही, नवीन कोणी आलेलं नाही. तरी चौदाच्या पंधरा झाल्यात. ते कसं, तेवढं सांगून हा लेख संपवतो.

त्या शनिवारी चौथी 'ब' मधली ती मुलगी ऑफिसात आली. बाईंनी तिला जवळ घेतलं, सदरा बदलला, कॉलर सरळ केली, तेल लावलं, भांग पाडला. सलीमभाईंनी भाजी विचारली. ती म्हणाली, भेंडी. आणि हसली. चिठ्ठी आपोआप छातीशी खाली आली. टिक. मी श्वास सोडला. मला वाटलं, पडदा.

पण दारात आणखी कोणी तरी उभं होतं. स्वरा पाटील. मी यादी पाहिली. तिचं नाव गैरहजरांत नव्हतं, हललेल्यांतही नव्हतं. मी तिला जवळ बोलावून स्क्रीनवर तिचा फोटो दाखवला. सलीमभाईंच्या हातून निघालेल्या चांगल्या फोटोंपैकी एक. भांग सुतासारखा, वेण्या सारख्या, नजर सरळ. मी म्हणालो, बघ, किती छान आलाय, तुला परत कशाला काढायचा. तिनं तो खूप वेळ पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मग उजव्या वेणीची रिबीन ओढली. डावीची गाठ सुटेना तेव्हा ती दातांनी सोडवली. दोन्ही हातांनी सगळे केस मोकळे केले, पार इस्कटले, बाईंच्या स्टुलापाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली, आणि ज्या खोलीत आम्ही सगळे चार दिवस कुजबुजत होतो तिथे, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माजा पन हलला हाय. आता तुमी घाला वेनी."